वांग्यावरचा खटला

माझ्या थोरल्याच्या गालावर पहिला लाल चट्टा उमटला, त्याच दिवशी माझ्या ताटातून वांगं उठलं.

गाल त्याचा, चट्टा त्याचा, खाजवणार तो, आणि शिक्षा मला. हा न्याय कोणत्या कचेरीत शिकवतात ते मला आजवर कळलेलं नाही. पण आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात तो चालत असे आणि त्यावर अपील नव्हतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांनी लेकराचा गाल उजेडात धरून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग चुलीवर रटरटणाऱ्या भाजीकडे पाहिलं आणि निकाल दिला.

"इसब हाय हा. तुह्या दुधातून आली गरमी. आजपासून वांगं बंद."

आता आमच्या भागात, शेलूबाजारपासून कोसभरावरच्या त्या गावात, हिवाळ्याच्या तोंडाशी एखाद्या बाईचं वांगं बंद करणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मळ्यात काटेरी देठाची, जांभळी, तुकतुकीत वांगी लटकलेली. सकाळी भाजी वांग्याची, संध्याकाळी भरीत वांग्याचं, आणि पाहुणा आला तर त्याच्या मानासाठी पुन्हा वांगंच, फक्त तेल जास्त. त्या वांग्यांच्या राज्यात मी एकटी मुगाचं फिकं वरण घेऊन बसायची.

बरं, वांग्यावर भागलं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते. पण चट्टा गालावरून कोपराच्या लवणीत गेला, तिथून गुडघ्यामागे गेला, आणि तो जसजसा पसरला तसतसं माझं ताट आकसत गेलं. बाळाला पाहायला येणारी प्रत्येक बाई रिकाम्या हाताने येई आणि जाताना माझा एक पदार्थ घेऊन जाई. शेजारीण म्हणाली, मिरची नको. मिरची गेली. बांगड्या भरायला आलेली कासारीण म्हणाली, गूळ उष्ण असतो. गूळ गेला. एक आत्तेसासू दोन दिवस राहून गेल्या, त्या तुरीचं वरण आणि जवसाची चटणी अशी जोडीच घेऊन गेल्या. दारावरून जाणाऱ्या एका अनोळखी बाईनं नुसतं "लेकराले काय झालं वं?" असं विचारलं, तर मी आत पळाले, म्हटलं, ही आता भाकर मागते की काय.

आमच्या यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, मी गाऱ्हाणं सांगितलं.

"आईले कोन सांगंन?" ते म्हणाले.

"तुमी."

"मी? मी तं खाऊन राह्यलो सगळं. माह्यावर काई जुलूम नाई."

असा माझा जोडीदार.

पण खरं दुखणं पुढे होतं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, नवस बोलला होता: नातू झाला तर माघात मळ्यात रोडगे घालीन, सगळ्या गावाला. रोडगे म्हणजे काय ते परमुलखातल्या वाचकांसाठी सांगते. गव्हाच्या जाडसर पिठाचे घडीचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप ओतायचं, आणि सोबत मातीच्या हंड्यात शिजवलेली झणझणीत वांग्याची भाजी. सोबत वांगं नसेल तर त्या जेवणाला रोडगे म्हणायची आमच्याकडे कोणाची हिंमत नाही. माझ्या पोटच्या पोराच्या नावाने गाव जेवणार, अख्खं गाव बोटं चाटणार, आणि त्या पोराची आई आंब्याखाली मुगाचं वरण भुरकत बसणार! मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. माघाला अजून वेळ होता. तोवर लेकराचा गाल निवला पाहिजे.

गाल निवावा असं मला फक्त वांग्यासाठी वाटत होतं असं कृपा करून समजू नका. लेकरू खाजवून खाजवून हैराण व्हायचं. इवल्याशा मुठी, पण नखं अशी की गालावर रेघोट्या. मी यांच्या जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून त्याच्या हातांत घातल्या, तर तो त्या पिशव्यांसकट गाल घासायचा आणि वर माझ्याकडे पाहून हसायचा. त्याचं हसू पाहून मला रडू यायचं, आणि माझं रडू पाहून तो आणखी हसायचा. आमचं दोघांचं नाटक असं रोज चालू.

शेवटी तालुक्याच्या गावच्या दवाखान्यात जायचं ठरलं. दमणी गाडी जुंपली, आत्याबाई पुढे, मी लेकरू घेऊन मागे, हे बैलांजवळ. डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी लेकराला सगळीकडून पाहिलं आणि रोज आंघोळीला काय लावता म्हणून विचारलं.

आत्याबाई छाती काढून म्हणाल्या, "बेसन, हयद, अन् घासून घासून धुतो जी. वरून ओव्याची धुरी. काई कमी नाई करत लेकराचं."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मग सावकाश सांगितलं की बेसन बंद, घासणं बंद, धुरी बंद. कोमट पाणी, चटकन आंघोळ, टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर आहे तोवरच खोबरेल तेल चोपडायचं. नखं कापायची. कपडा जुना, सुती, मऊ. "आणि याच्या अंगाला खरखरीत काही लागू देऊ नका," असं त्यांनी दोनदा बजावलं. जाता जाता म्हणाले, आईला सगळं जेवू द्या.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. दवाखान्याच्या भिंतींनी ऐकलं. बाहेर उभ्या बैलांनीसुद्धा ऐकलं असावं. आत्याबाईंनी ऐकलं नाही. परत येताना दमणीत त्या बराच वेळ विचारात होत्या, मग म्हणाल्या,

"पाय बरं, डाक्तर बी तेच म्हने. खरखरीत काई नको. वांग्याच्या देठाले काटे रायतेत का नाई?"

"आत्याबाई, देठ मी खात नाई."

"पन वांगं तं त्याच देठाले लागते नं?"

यावर कोणता वकील काय बोलणार?

तरी एक कबूल करते. आत्याबाई डॉक्टरांचं बाकीचं सगळं तंतोतंत पाळणाऱ्या निघाल्या. घरात त्या सेनापतीसारख्या फिरल्या. बेसनाचा डबा फडताळात गेला. झोळीचा काथ्या बदलून सुती दोर आला. माझ्या बांगड्यांच्या टवक्यांवरून हात फिरवून पाहिला. यांना सांगितलं, दाढी वाढली असेल तर लेकराचा मुका घ्यायचा नाही. बिचारे आठवडाभर लांबूनच "टॅ टॅ" करत होते. जिथे जिथे खरखरीत सापडलं, तिथून ते हाकललं गेलं. आणि गुण आलाच! कोपराच्या लवणी निवळल्या, गुडघ्यामागची लाली उतरली, डावा गाल तर लोण्यासारखा झाला.

उजवा गाल मात्र तसाच, लालबुंद, पापुद्रे सुटलेला.

"बाकीची गरमी गेली," आत्याबाई म्हणाल्या. "ही वांग्याची उरली."

संक्रांतीला मी माहेरी गेले. माहेर धनजच्या बाजूचं. आत्याबाईंनी पथ्याची सगळी यादी माझ्या भावाला तोंडपाठ करून घ्यायला लावली होती आणि त्यानं ती इमानानं माझ्या आईपुढे म्हणून दाखवली. आईनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि माझ्या ताटात भरीत वाढलं. वर कच्चं तेल, कांद्याची पात, आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या.

"आई, अगं, पथ्य!"

"खाय मुकाट्यानं. हाडं निंगाले पोरीचे. तुही सासू काय दुर्बीण लावून बसली हाय काय तिकडं?"

मी खाल्लं. कसं खाल्लं ते विचारू नका. आईनं पुन्हा दोन वांगी निखाऱ्यावर टाकली एवढं सांगते. मग मात्र लेकराला उजेडात धरलं. म्हटलं, आता लेकराचा गाल पेटणार. दुसऱ्या दिवशी पाहिलं, पेटला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आईच्या घरी माझ्या ताटात रोज वांगं, आणि लेकराचा उजवा गाल रोज थोडा थोडा फिका. निघायच्या दिवशी तर उजवा कोणता आणि डावा कोणता हे सांगता येऊ नये इतका सारखा!

मी आनंदानं नाचायचीच राहिले. आणि नाचता नाचता थांबले. कारण हा पुरावा मी दाखवणार कोणाला? सासरी जाऊन "आत्याबाई, मी माहेरी भरपेट वांगी खाल्ली, बघा बरं गाल" असं म्हणायचं? माझा साक्षीदार बिनदातांचा, आणि पुरावा माझ्या पोटात.

सासरी आल्यावर आत्याबाई गाल पाहून खूश झाल्या. "पाय, माहेरी बी पथ्य पाळलं म्हून निवला." मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं लाजले.

आणि चारसहा दिवसांत उजवा गाल पुन्हा लाल!

आता मी पाळत ठेवली. माहेरी नाही असं इथे काय आहे? पाणी तसंच, तेल तेच, कपडे तेच. सकाळी पाहावं तर गाल बरा, दिवेलागणीनंतर पाहावं तर तापलेला. म्हणजे संध्याकाळचं काहीतरी. संध्याकाळी लेकरू कुठे असतं? मामंजींच्या खांद्यावर.

मी दाराआडून पाहिलं, आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं.

मामंजी ओसरीवर बाजेवर बसलेले. अंगावर घोंगडी. काळी, जाडजूड, मेंढीच्या केसांची, हातानं विणलेली, त्यांच्या वडलांच्या वेळची. त्या घोंगडीत नातू गुंडाळलेला, डाव्या खांद्यावर, कारण उजवा हात पान-सुपारीला मोकळा हवा. आणि नातू आजोबांच्या मानेत तोंड खुपसून, उजवा गाल घोंगडीवर टेकवून, आनंदानं घासतोय, घासतोय, पुन्हा घासतोय.

सगळं घर आम्ही खरखरीतासाठी धुंडाळलं होतं. काथ्या सापडला, बांगडी सापडली, यांची दाढी सापडली. घोंगडी कोणाला दिसली नाही, कारण आमच्या घरात ती वस्तू नव्हतीच. ती मामंजींचा एक अवयव होती. मामंजी शेतात गेले की घोंगडी जाई, पंचायतीत बसले की ती बसे, आजारी पडले की तीही पडे. माणसाच्या कानाला कोणी खरखरीत म्हणतं का?

आता सांगायचं कसं? हे म्हणाले, "आबाच्या घोंगडीबद्दल मी बोलू? त्यापरीस मले हिरीत लोट." आत्याबाईंकडून सांगवावं, तर त्या घोंगडीशी त्यांचं लग्नापासून वैर. तिला मेंढीचा वास येतो म्हणून त्यांनी ती तीन वेळा जाळायला काढली होती. त्या बोलल्या असत्या तर मामंजींना जुनंच भांडण वाटलं असतं. राहिले मी. आणि मी तर सून. सासऱ्यापुढे पदर घेऊन उभी राहणारी, त्यांच्याशी एक शब्द थेट न बोलणारी.

पण याला आमच्याकडे एक पळवाट आहे. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं; लेकराशी बोलायला कोणाची बंदी नाही. लेकरू मध्ये असलं की सून लेकराला सांगते, सासरा लेकराला सांगतो, आणि लेकरू दोघांच्या मध्ये बसून लाळ गाळतं. आमच्या गावातले कितीतरी मोठमोठे व्यवहार असे बोलता न येणाऱ्या मध्यस्थांनी केलेले आहेत.

तर त्या संध्याकाळी मी सूप घेऊन ओसरीच्या दाराआत पाखडत बसले. पदर डोळ्यांपर्यंत. आणि आवाज असा काढला की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवावी.

"काय रे राजा! तुहा डावा गाल कसा, लोण्यावानी. अन् उजवा? मिरचीवानी. एकाच झाडाले दोन परकारचे फळ कसे लागले रे?"

अडकित्ता थांबला.

"बाळा," मामंजी घसा साफ करून म्हणाले, "तुह्या मायले सांग, तिनंच काई खाल्लं असंन."

"राजा, आबाले सांग, मायचं दूध दोनी गालाले सारखंच जाते. का उजव्या गालाची नळी येगळी हाय?"

मामंजींची बाज करकरली.

"बाळा, तुही माय वकिलीण हाय काय रे?"

"नाई राजा, तुही माय उपाशी हाय."

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "कोनासंगं बोलून राह्यली वं?"

"लेकरासंगं, आत्याबाई!"

"बाळा," मामंजींचा आवाज आता जरा खाली आला, "इचार तिले, म्हननं काय हाय तिचं. आडून बोलू नको म्हना, सुदं बोल."

मी सूप खाली ठेवलं. "राजा, आबाच्या खांद्यावर कोनता गाल टेकवतं रे तू?"

मी पदराच्या फटीतून पाहत होते. मामंजींनी नातवाला खांद्यावरून उचललं, समोर धरलं, एक गाल पाहिला, दुसरा पाहिला. मग त्याला पुन्हा खांद्यावर ठेवून पाहिलं, कोणता गाल टेकतो ते. मग घोंगडीवरून हात फिरवला, सुलटा, उलटा. मग हळूच तिचं टोक स्वतःच्या गालावर घासलं.

"बाळा," ते म्हणाले, "ही माह्या बापाची घोंगडी. हिनं मले कदी चावलं नाई."

"राजा, आबाले सांग, आबाच्या गालावर बोटभर दाढी हाय. तुह्या गालावर कुठी हाय?"

मामंजी हसले. अंग गदगदा हललं, त्याबरोबर लेकरूही हललं आणि तेही हसायला लागलं. मी मनात म्हटलं, जिंकले. पण हसू ओसरल्यावर ते नातवाच्या पाठीवर थोपटत, अगदी हळू, जणू खरोखर फक्त त्यालाच सांगावं तसं म्हणाले,

"तुले दिष्ट लागू नाई म्हून गुंडाळत होतो रे मी. काळ्या लोकरीले दिष्ट भेदत नाई. जसा जसा तुहा गाल लाल झाला, तसा तसा मी जास्त गुंडाळला."

माझ्या सगळ्या वकिलीची हवा गेली. शेवटी म्हटलं, "राजा, आबाले सांग, आमी काजळाची तीट लावू. मोठी लावू. रुपयाएवढी लावू."

"हं," मामंजी म्हणाले. मग अडकित्ता पुन्हा चालू झाला आणि त्यासोबत एकदम दुसराच प्रश्न आला. "बाळा, एक इचारतो. धनजहून आल्यापासून तुह्या मायच्या तोंडावर तेज कायचं हाय रे?"

सापडले! दाराआड मी सुपासकट लाल झाले. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"राजा," मी म्हटलं, "आबाले सांग, वांग्याच्या भरताचं."

मामंजी असे हसले की आत्याबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. मग व्हायचं ते झालं. आत्याबाईंनी माझ्या आईचा उद्धार केला, माझा केला, वांग्याचा केला. आणि घोंगडीचं नाव निघताच त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "मी सांगत होतो! लगन झालं तवापासून सांगत होतो!" पण घोंगडीविरुद्ध निकाल लागला तर वांगं निर्दोष सुटतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या मध्येच अडकल्या. एका हाताला जुनी वैरीण, दुसऱ्या हाताला सून. कोणाला सोडावं?

मामंजींनी तोड काढली. रोडग्यांपर्यंत घोंगडी खुंटीवर राहील. सून सगळ्यांसमोर वांगं खाईल. गाल पांढरा राहिला तर वांगं सुटलं.

"अन् लाल झाला तं?" आत्याबाई.

"तं रोडग्याच्या दिशी तिले मुंगाचं वरन," मामंजी म्हणाले, "अन् तिच्यासंगं मले बी."

एवढी मोठी जबान माझ्या बाजूनं त्या घरात कोणी दिली नव्हती, तीही लेकराला मध्ये न घालता. आता माझ्या एकटीच्या ताटाचा प्रश्न राहिला नाही.

पण घोंगडीशिवाय मामंजींचा खांदा उघडा पडला आणि नातू तर तिथेच झोपणार. आत्याबाईंनी पेटीतून आपलं जुनं लुगडं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, हिरवं, लाल काठाचं. त्याची घडी करून नवऱ्यापुढे धरली.

"मी? लुगडं?"

"तुमाले नाई. तुमच्या खांद्याले."

त्यानंतरचे दिवस काय मजेचे गेले! घोंगडी खुंटीवर, शिक्षा झालेल्या पोरासारखी मान खाली घालून. मामंजी येता जाता तिच्याकडे पाहत. मला आत्याबाई वांगं वाढत ते असं, की जणू फाशीच्या कैद्याचं शेवटचं जेवण. आणि वाढून झालं की थेट लेकराकडे जाऊन गाल उजेडात धरत. गाल फिका होत होता. त्या मात्र हार मानत नव्हत्या. आणि एका सकाळी आरोळी आली,

"लाल! पाहा, लाल! ये इकडं, पाय तुह्या वांग्याचे परताप!"

सगळे धावलो. उजव्या गालावर खरंच लाल डाग. टपोरा. मामंजी बाजेवरून उठले आणि पुन्हा बसले. यांनी वाकून पाहिलं, बोट ओलं केलं आणि डाग पुसला. डाग निघाला. बोट लाल झालं. सगळ्यांनी हळूच आत्याबाईंच्या कपाळाकडे पाहिलं. तिथलं कुंकू अर्धं गायब होतं. गाल तपासता तपासता त्यांनी नातवाला कवटाळलं होतं, दुसरं काय! त्यानंतर त्यांनी पुन्हा गाल तपासला नाही. तपासला असला तर आधी कपाळ पुसून.

इसब काही कायमचा गेला नाही, हे इथेच सांगून टाकते. नाहीतर कोणी म्हणेल, बाई गोष्ट रंगवते. दर हिवाळ्यात तो कोपराच्या लवणीत पाहुण्यासारखा येई, आणि पोरगा शाळेत जाईपर्यंत येत राहिला. आम्ही कोमट पाणी, ओल्या अंगावर तेल, मऊ सुती आणि कापलेली नखं एवढं धरून ठेवलं. तोही मग फार दिवस मुक्काम करीत नसे. आता पोराला मिशा आहेत आणि तो मोठ्या चवीनं वांगं खातो.

तर रोडगे. माघातलं ऊन, मळ्यातल्या आंब्याखाली पंगत, गोवऱ्यांचा धूर, हंड्यात वांगी. सगळं गाव आलं आणि गावानं पहिल्यांदा काय पाहिलं असेल? पंचायतीत ज्यांच्यापुढे कोणी मोठ्यानं शिंकत नसे ते माझे मामंजी, खांद्यावर हिरवं लुगडं टाकून, त्यावर नातवाला निजवून, सगळ्यांना बसा बसा म्हणत फिरताहेत. त्या लुगड्याचा लाल काठ पाठीवर लोंबतोय.

एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "काय गा, लुगडं तुह्यापाशी, मंग बुढीनं आज काय नेसलं?"

"नातू होऊ दे तुले, मंग समजंन," मामंजी म्हणाले. थांबलेसुद्धा नाहीत.

उजवा गाल आंब्याच्या सावलीत दुधासारखा. वांगं निर्दोष. आणि मी?

बायकांची पंगत शेवटी असते. आधी पाहुणे जेवले, मग गावचे पुरुष, मग पोरंटोरं. मी चुलीपाशी रोडग्यांची राख झटकत होते आणि डोळा हंड्यावर. पुरुष जेवत होते, आणि जेवत होते. "भाजी इकडं!" "अजून वाढ गा!" "काय झाली हाय भाजी, वा!" प्रत्येक वाहवेसरशी हंडा खाली जात होता. शेवटी आत्याबाईंनी पळी आत घातली आणि खण्ण असा आवाज आला. तो आवाज मला आजही ऐकू येतो.

"सरली वं," त्या म्हणाल्या, आणि नवल म्हणजे त्यांचाच आवाज पडला. "पोरी, तुह्यासाठी एक फोड बी नाई राह्यली. म्या लक्षच नाई देल्लं."

इतके दिवस खटला लढले, जिंकले, आणि वसुलीला गेले तर तिजोरी रिकामी! माझे डोळे भरून आले. धुराचं निमित्त होतं म्हणून निभावलं.

तेवढ्यात मागून मामंजींचा आवाज आला. खांद्यावर लुगडं, लुगड्यावर माझं पोरगं, अर्धवट झोपेत.

"बाळा," ते म्हणाले, "तुह्या मायले सांग, दमणीत मांगच्या बाजूले पाहाले."

मी दमणीपाशी गेले. मागच्या बाजूला, कडब्याच्या पेंढीवर, घोंगडी. काळी, जाडजूड, आणि कुणाला तरी पोटाशी धरून बसावं तशी गोल गुंडाळलेली. मी एक एक घडी सोडली. आत मातीचं मडकं, त्यावर पालथं झाकण, त्यावर चार रोडगे फडक्यात बांधलेले. झाकण काढलं तर वाफ आली. पंगत सुरू व्हायच्या आधी काढून ठेवलेली वांगी इतक्या वेळानंतरही गरम होती.

मागे वळून पाहिलं तर मामंजी नातवाला थोपटत पाठमोरे उभे होते.

मी मडकं उचललं, आत्याबाईंचा हात धरून त्यांना दमणीच्या सावलीत आणलं आणि आम्ही दोघी एकाच मडक्यातून जेवलो. पहिलाच घास घेऊन आत्याबाईंनी नाक मुरडलं.

"मेंढीचा वास येऊन राह्यला."

"येतो जरासा," मी म्हटलं, आणि दुसरं वांगं घेतलं.